घोड्यांचे वाडे: इंग्लंडमधल्या इस्टेटींवरचे तबेले आणि बग्गीखाने

शेफील्डचा_जावई

मंडळी, हा धागा खरं तर माझ्या सासऱ्यांमुळे काढतोय. मे महिन्यात ते आमच्याकडे शेफील्डला आले होते आणि इकडे पाहुणे आले की चॅट्सवर्थ हाउस (डर्बीशायरमधलं, डेव्हनशायरच्या ड्यूकचं घर) दाखवायचं हे आमचं ठरलेलं, पुण्यात पाहुण्याला शनिवारवाडा दाखवतात तसं. बायको आणि सासूबाई घर बघायला आत गेल्या, सासऱ्यांचे गुडघे दुखत होते म्हणून आम्ही दोघं टेकाडावरच्या स्टेबल्सच्या चौकात चहा घेत बसलो. चारी बाजूंनी दगडी इमारत, प्रवेशाला जाडजूड खांब, वर ड्यूकच्या घराण्याचं भलंमोठं चिन्ह, त्यात दोन दगडी सांबरं आणि त्यांच्या डोक्यावर शिंगं मात्र खरी, त्याच्या वर घड्याळ आणि घुमटी. त्यांनी पंधरा मिनिटं सगळं निरखून बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, वाडा छान आहे हो ड्यूकचा, पण मग ह्या मंडळी बघायला कुठे गेल्यात?"

म्हटलं बाबा, हा वाडा नाही, हा तबेला आहे.

त्यावर ते जे गप्प झाले ते दुसरा चहा येईपर्यंत.

तर हा तबेला चौथ्या ड्यूकने १७६० च्या सुमारास जेम्स पेन नावाच्या आर्किटेक्टकडून बांधून घेतला. ८० घोड्यांची सोय, शिवाय आतच लोहारकाम, वरच्या मजल्यावर दाण्याची कोठारं आणि नोकरांच्या खोल्या. पुढे सहाव्या ड्यूकने १८३० च्या दशकात मागे कॅरेज हाउस वाढवलं, म्हणजे बग्ग्या ठेवायची जागा, तिथे आता रेस्टॉरंट आहे. शेवटचे घोडे १९३९ साली गेले, नंतर तिथे गॅरेज आणि गोदाम. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, थोरल्या डचेसने, म्हणजे आधीच्या एका ड्यूकच्या पत्नीने, लिहून ठेवलंय की एका खोलीच्या दारावर "थर्ड पोस्टिलियन" अशी अक्षरं अजून आहेत. पोस्टिलियन म्हणजे बग्गीवर न बसता जोडीतल्या डावीकडच्या घोड्यावर स्वार होऊन गाडी हाकणारा. आणि हा तिसरा! म्हणजे पहिला, दुसरा असणारच, आणि तिसऱ्यालासुद्धा दारावर पाटी. नाव नाही हं, नुसता हुद्दा.

तेव्हापासून मला नादच लागलाय. कुठल्याही इस्टेटीवर गेलो की आधी तबेला, मग वेळ उरला तर घर. घरात काय, तीच झुंबरं, तेच पूर्वज, दोरीच्या पलीकडून बघायचं. तबेल्यात मात्र ते सगळं घर चालायचं कसं ते कळतं. कुणी कुठले बघितलेत, लिहा.

मंजिरी_लीड्स

मस्त धागा! तुमच्या सासऱ्यांसारखंच माझं वेंटवर्थ वुडहाउसला झालं, रॉदरहॅमजवळ, तुम्हाला तर अगदी हाकेच्या अंतरावर. तिथला तबेला जॉन कारने बांधलाय, ८४ घोड्यांचा. पहिल्यांदा येणारे लोक त्यालाच घर समजतात आणि तिथे थांबून फोटो काढतात, मीही काढले. घराचं तोंड ६०६ फूट लांब आहे हे मग पुढे गेल्यावर कळलं.

व्हिसलजॅकेटचं चित्र बघितलंय का लंडनच्या नॅशनल गॅलरीत? तो घोडा वेंटवर्थच्या मालकाचाच, लॉर्ड रॉकिंगहॅमचा. जॉर्ज स्टब्जने साधारण १७६२ साली काढलाय, जवळपास खऱ्या घोड्याएवढा, मागे झाड नाही, आकाश नाही, स्वार नाही, नुसता घोडा मागच्या पायांवर उभा. गॅलरीने १९९७ मध्ये ११ मिलियन पौंडांना घेतला.

चक्रमादित्य

८४ घोडे. आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत आणि पार्किंग ५१.

वीटमाती

पेशाने आर्किटेक्ट आहे, लंडनला असताना जुन्या इमारतींच्या डागडुजीच्या कामावर होते, त्यात दोन तबेले होते म्हणून थोडं लांबलचक लिहिते, सहन करा.

लोक दर्शनी खांब बघतात, पण खरी अक्कल खाली फरशीत आणि वर छपरात आहे. घोडा उभ्या उभ्या मुततो आणि भरपूर मुततो. ते मुरलं की अमोनियाचा वास, तो डोळ्यांत जातो, फुप्फुसात जातो. म्हणून फरशीला उतार पाहिजे, पण उतार जास्त झाला तर घोड्याचे पुढचे पाय कायम वर आणि मागचे खाली राहतात, शिरा ताणतात, घोडा लंगडतो. म्हणजे पाणी तर वाहून जायला पाहिजे आणि घोड्याला तर कळताच कामा नये, इतकाच उतार. व्हिक्टोरियन काळात स्टॅफर्डशायरच्या निळसर काळ्या, दगडासारख्या टणक भाजलेल्या विटा आल्या, त्यांना वरून खाचा असायच्या, खुराला पकड मिळते आणि पाणी खाचेतून निघून जातं. नॅशनल ट्रस्टच्या (जुन्या वास्तू जपणारी इकडची संस्था) कुठल्याही टीरूममध्ये स्कोन खाताना खाली बघा, टेबल डुगडुगत असेल तर त्या खाचांमुळेच.

खिडक्या उंचावर, बऱ्याचदा अर्धगोल, कारण डोळ्यासमोर उजेड आणि हालचाल असली की घोडा बिचकतो. छपरावरची ती गोंडस घुमटी असते ना, ती शोभेची नाही, तिच्या फटींतून गरम कुबट हवा वर निघून जाते. माळ्यावर गवत, तिथून झडपेतून थेट खालच्या जाळीत टाकायचं. पुढे सुधारकांनी त्यालाही नाक मुरडलं कारण वरून पडणारा कचरा घोड्याच्या डोळ्यांत जातो आणि खालची घाण हवा त्या गवताला लागते, मग जाळ्या खाली गव्हाणीच्या पातळीला आल्या.

आणि आता माझी सगळ्यात आवडती वस्तू. गव्हाणीला एक लोखंडी कडी असते, घोड्याच्या गळ्यातला दोर त्या कडीतून खाली जातो आणि त्याच्या टोकाला एक लाकडी गोळा लोंबत असतो, साधारण मोठ्या संत्र्याएवढा. घोडा पुढे आला की गोळा खाली जातो, मागे गेला की वर येतो, त्यामुळे दोर कधीच ढिला पडत नाही आणि घोड्याचा पाय त्यात अडकत नाही. रात्री त्याला खाली बसताही येतं. शंभर सव्वाशे वर्षं दोर घासून घासून एका गोळ्याच्या भोकाच्या कडा अशा गुळगुळीत झाल्या होत्या की हात लावल्यावर साबणासारखं वाटलं.

शेफील्डचा_जावई

वीटमाती, हे सोनं आहे! मी त्या गोळ्याला दाराचा स्टॉपर समजलो होतो. बग्गीखान्याबद्दलपण लिहा ना.

वीटमाती

बग्गीखान्याचं तंत्र बरोबर उलटं. तबेल्यात हवा खेळती पाहिजे आणि बग्गीखान्यात कोरडं, बंद. बग्गी म्हणजे चामडं, रेशमी अस्तर, पितळ आणि व्हार्निशचे थरावर थर. दमट झालं की चामड्याला बुरशी, आणि तबेल्यातला अमोनिया शिरला की व्हार्निश मरतं. त्यामुळे दोन्हींच्या मधे पक्की भिंत आणि शक्यतो दार नाही. रुंद दुहेरी दारं, आत शेगडी नाहीतर गरम पाण्याचे पाइप. साज ठेवायच्या खोलीतपण शेगडी हवीच, महत्त्वाचा साज काचेच्या कपाटात. दारासमोर गाडी धुवायची जागा, श्रीमंत ठिकाणी तिच्यावर काचेचं छत, कारण चिखलाने माखलेली बग्गी रात्री अकराला आली तरी सकाळी चकचकीत पाहिजे, चिखल वाळला तर पुसताना रंग खरवडला जातो.

टांगेवाल्याचा_नातू

वाचतोय, आणि राहवत नाही म्हणून लिहितो. माझे आजोबा मिरजेला टांगा चालवायचे, स्टेशन ते गाव. आमचा तबेला म्हणजे घराच्या मागचं पत्र्याचं छप्पर. वीटमातीताई, तुम्ही सांगितलेला तो गोळा आमच्याकडे नव्हता कारण आमच्याकडे पद्धतच वेगळी. अगाडी पिछाडी. पुढून दोन दोर दोन खुंट्यांना, मागून एक दोर पायाला. घोडा उघड्या मैदानातसुद्धा जागच्या जागी राहतो, लाथ मारली तरी शेजारच्याला पोचत नाही. विलायतेत नुसतं डोकं बांधायचं म्हणून दोन घोड्यांच्या मधे ती फळकुटाची भिंत लागते, नाहीतर मागून नाच सुरू. आमच्याकडे भिंतीचं काम दोर करायचा. मराठ्यांच्या छावणीत हजारो घोडी उघड्यावर बांधायची तर दुसरं करणार काय म्हणा.

शब्दपण बघा किती आहेत. घोड्याच्या उभं राहायच्या जागेला ठाण. दाण्याला चंदी, ती तोंडाला बांधायची पिशवी तोबरा. अंग घासायचा खरारा. सांभाळणारा मोतद्दार. सरकारी घोडी असली की तबेला नाही म्हणायचं, पागा. आजोबा म्हणायचे घोड्याला आधी खरारा मग चंदी, उलटं केलं तर तो खाताना अंगाला हात लावू देत नाही. आणि नाल बसवला की नालबंदाला रोख पैसे, उधारीचा नाल निसटतो म्हणे :)

पेठकर_काका

पागा वरून आठवलं. आमच्या पुण्यातली हुजूरपागा शाळा, १८८४ ची, पेशव्यांच्या खाशा पागेच्या जागेवर. आमच्या हिने तिथून मॅट्रिक केलं, रागावली की मी म्हणतो पागेतली ना, मग दोन दिवस चहा नाही. आणि मंडईजवळचा गाडीखाना? कोच हाउसला याहून सरळ मराठी शब्द कुठला हवा. तेव्हा बग्गीखाना बिग्गीखाना नवे शब्द पाडायची गरज नाही.

शेफील्डचा_जावई

काका, मान्य. गाडीखाना. शीर्षक बदलायला मला अ‍ॅडमिनचे पाय धरावे लागतील म्हणून तूर्त तसंच ठेवतो.

हुजूरपागेसारखीच गंमत इकडच्या म्यूज शब्दाची आहे. लंडनमध्ये म्यूज म्हणजे बड्या घरांच्या मागची गल्ली, खाली घोडे नि गाडी, वर गाडीवानाचं बिऱ्हाड. आज त्या गल्लीतल्या घरांच्या किमती ऐकल्या तर घोडासुद्धा खाली बसेल. पण मूळ शब्दाचा घोड्याशी संबंधच नाही. राजाचे शिकारी ससाणे पिसं झाडायच्या दिवसांत कोंडून ठेवायची जागा ती म्यूज. लंडनच्या चेरिंग क्रॉसला १३७७ पासून ती होती, १५३४ मध्ये आग लागली, नंतर तिथे राजाचे घोडे आणले आणि नाव तेच चिकटून राहिलं.

मंजिरी_लीड्स

अरे थांबा थांबा. चेरिंग क्रॉसची ती जागा म्हणजेच आताची नॅशनल गॅलरी! पुढे तबेले बकिंगहॅम पॅलेसकडे हलवले, जॉन नॅश या आर्किटेक्टने नवे बांधून १८२५ ला पूर्ण केले, आणि १८३० च्या दशकात जुन्या जागेवर गॅलरी उभी राहिली. म्हणजे आपला व्हिसलजॅकेट वेंटवर्थच्या तबेल्यातून निघून राजाच्या तबेल्यात जाऊन उभा राहिलाय!!

चक्रमादित्य

११ मिलियनची चंदी खाऊन.

मीठभाकर

सगळ्यांचं कौतुक वाचतोय पण एक खडा टाकतो. ८० नि ८४ घोड्यांना डोरिक म्हणजे ग्रीक धर्तीचे खांब, आणि त्यांच्या शेणात हात घालणाऱ्या पोराला? वेंटवर्थच्या मालकांचा पुढचा पैसा कोळशाचा, खाणीत माणसं जायची. तुम्ही सगळे फरशीच्या खाचा बघताय. आपल्याकडे कुणी संस्थानिकाच्या गाड्यांवर असं लिहिलं असतं तर याच फोरमवर त्याला सरंजामी म्हणून सोलला असता.

शेफील्डचा_जावई

खडा बरोबर जागी पडलाय. म्हणूनच तर मी घरापेक्षा तबेल्यात रमतो. घरात ड्यूक दिसतो, तबेल्यात तो थर्ड पोस्टिलियन. तबेल्यातली पोरं वर माळ्यावर झोपायची, हिवाळ्यात घोड्यांची ऊब वर यायची आणि तिच्याबरोबर तो वाससुद्धा. त्यांच्यातही उतरंड होतीच, वर मुख्य कोचमन, मग त्याच्या हाताखालचे, ग्रूम म्हणजे मोतद्दार, आणि सगळ्यात खाली लीद उचलणारं पोरगं. वर घड्याळ का असतं माहितीय का? ते ड्यूकसाठी नाही, अख्ख्या इस्टेटीवरच्या कामगारांसाठी. गाडी दारात नऊला म्हणजे नऊला.

मग १९१४ आलं. लढाई सुरू झाल्याबरोबर सैन्याने देशभरातून लाखाच्या वर घोडे काही आठवड्यांत उचलले, नांगराचेही आणि इस्टेटींचेही. त्याच्या आधीच मोटारी यायला लागल्या होत्या, गाडीखान्याचं मोटर हाउस झालं, तरुण कोचमन ड्रायव्हिंग शिकून शोफर झाले. म्हातारे राहिले तसेच.

अपवाद एक सांगतो, डर्बीशायरमधलंच कॅल्क अ‍ॅबी. तिथले सर व्हॉन्सी हार्पर क्रू, १९२४ ला वारले, त्यांनी आपल्या इस्टेटीत मोटार आणायलाच बंदी केली होती. पाहुण्याने गाडी फाटकाबाहेर ठेवायची आणि घोडागाडीने आत यायचं. त्या घरात वीज यायला १९६२ साल उजाडलं. नॅशनल ट्रस्टने १९८५ ला घेतलं तेव्हा ठरवलं की रंगरंगोटी करायची नाही, होतं तसं ठेवायचं. तिथल्या जुन्या गाड्या बघताना असं वाटतं की कोचमन जेवायला गेलाय, येईलच.

ब्रायटनवाली_निशा

मीठभाकर यांच्या मुद्द्यावरून, एक तबेला असा आहे की जिथे आपली माणसं राहिलीत.

ब्रायटनला प्रिन्स रीजंटने (पुढचा राजा चौथा जॉर्ज) आताचा महाल उभा राहण्याआधी घोड्यांसाठी घुमट बांधला, १८०३ ते १८०८. वरून बघितलं तर आपल्याकडचा एखादा मकबराच. आत गोलाकार ४४ घोडे, मधे पाण्याचं कारंजं, वर सज्जात मोतद्दारांच्या खोल्या. तेव्हा लोक हसायचे की घोडे राजपुत्रापेक्षा झोकात राहतात. पुढे १८६७ मध्ये त्याचा हॉल झाला, आज तो ब्रायटन डोम. आबा बँड १९७४ ला युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकला तो इथेच.

पण १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत हा घुमट हिंदी जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होता. फ्रान्सच्या खंदकांतून आणलेले शीख, गुरखा, पठाण, डोग्रा, गढवाली. महाल आणि घुमट मिळून दोन हजारांहून जास्त जणांवर उपचार झाले. फोटो आहेत, जिथे घोडे गोलात उभे राहायचे तिथे खाटा. हिंदूंचे नि मुसलमानांचे स्वयंपाक वेगळे, पाण्याचे नळ वेगळे, त्यावर पाट्या. सरकारने सगळ्याचे भरपूर फोटो काढून भारतात वाटले, किती बडदास्त ठेवतो बघा म्हणून. पण सैनिकांना बाहेर मोकळं फिरायला बंदी होती हे त्या फोटोंत नाही.

जे वाचले नाहीत त्यांतले ५३ हिंदू आणि शीख गावाबाहेर डाउन्सच्या टेकडीवर दहन केले. तिथे पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, नावच छत्री, १ फेब्रुवारी १९२१ ला उघडली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण आर्किटेक्टचा. गाडीरस्ता तिथपर्यंत जात नाही, शेवटचा भाग मेंढ्यांच्या कुरणातून चालत जावा लागतो. मी जोरदार वाऱ्यात गेले होते, उदबत्ती लावायचा प्रयत्न केला, सात काड्या फुकट गेल्या. शेवटी नुसती ठेवून आले.

टांगेवाल्याचा_नातू

निशाताई, वाचून काटा आला.

मीठभाकर

माझा खडा मागे घेत नाही, पण ही पोस्ट सेव्ह केली.

पेठकर_काका

कुणी फ्रान्समधल्या शांतिईला गेलंय का? पॅरिसच्या उत्तरेला. आम्ही टूरबरोबर गेलो होतो. १७१९ मध्ये काम सुरू झालं, २४० घोडे आणि शेकड्यांनी शिकारी कुत्रे मावतील असा तबेला. गाइडने सांगितलं की ड्यूकला खात्री होती की पुढच्या जन्मी आपण घोडा होणार, म्हणून आधीच इंतजाम. म्हटलं घ्या, चौऱ्यांशी लक्ष योनी यांनाही ठाऊक. फक्त आपल्याकडे पुढच्या जन्मासाठी दानधर्म करतात, यांनी डायरेक्ट बुकिंग केलं.

चक्रमादित्य

कुत्र्याचा जन्म आला असता तरी सोय होती. हुशार माणूस.

नवीन_आयडी_२२

छान माहिती. मला नुसत्या बग्ग्या बघायच्यात, तबेला नसला तरी चालेल. मुलाला नाद आहे. मुंबईत आम्ही लहानपणी गेटवेला व्हिक्टोरियात बसायचो, २०१५ ला हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या, त्याला दाखवायला काही उरलं नाही.

शेफील्डचा_जावई

लंडनला असाल तर रॉयल म्यूज. तिथे १७६२ चा गोल्ड स्टेट कोच आहे, वजन साधारण ४ टन, ८ घोडे लागतात आणि तरी चालीनेच जातो. एलिझाबेथ राणीने स्वतः सांगितलंय की आत बसायला भयंकर आहे, पेटीच नुसत्या चामडी पट्ट्यांवर टांगलेली, होडीसारखी डुलते. मुलगा खूष होईल.

लांब जायची तयारी असेल तर डेव्हनमधलं आर्लिंग्टन कोर्ट. तिथल्या तबेल्यात नॅशनल ट्रस्टचं कॅरेज म्युझियम आहे, चाळीसच्या वर गाड्या. तुमची व्हिक्टोरिया, ब्रूम, लँडो, लहान मुलांना गव्हर्नेसबरोबर फिरवायची बुटकी गाडी जिचं दार मागच्या बाजूला असतं, म्हणजे पोर घोड्याच्या पायाकडे उतरणार नाही. ब्रूम ही बंद गाडी लॉर्ड ब्रूमने १८३८ मध्ये बनवून घेतली, तिची पेटी बघितली की जुन्या मोटारीचं पोट कुठून आलं ते कळतं. जायच्या आधी वेळ बघून जा, हिवाळ्यात आम्ही एका इस्टेटीवर दोन तास गाडी चालवून पोचलो नि फाटकाला कुलूप, पोरं, डबे नि बायकोचा चेहरा घेऊन परत.

वीटमाती

नॉर्थम्बरलँडचं सीटन डेलाव्हल हॉल कुणी लिहिलं नाही अजून. व्हॅनब्रू या आर्किटेक्टचं काम. घर १८२२ च्या आगीत जळलं, मधला भाग अजून पोकळ आहे, पण तबेला शाबूत. आत प्रत्येक ठाणावर त्या घोड्याच्या नावाची पाटी आहे. थर्ड पोस्टिलियनला नुसता हुद्दा, आणि इथे घोड्याला नाव, हे मीठभाकरांना आवडेल.

ठाण शब्द वापरला बघा. नातूसाहेब, धन्यवाद. इतकी वर्षं ड्रॉइंगवर 'स्टॉल' लिहीत होते.

शेफील्डचा_जावई

सासऱ्यांना हा धागा पाठवला. त्यांचा निरोप: त्या मिरजेच्या गृहस्थांना विचारा, खरारा लोखंडी होता का काथ्याचा?

टांगेवाल्याचा_नातू

लोखंडी, दातेरी, लाकडी मुठीचा. टांगा १९८८ ला विकला, साज त्याच्याबरोबरच गेला, खरारा मात्र राहिला. आई हल्ली त्याने दारातलं काथ्याचं पायपुसणं झाडते.